अठराव्या होलचा डावा कोपरा

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी गोल्फ मैदानाच्या शेडमधल्या टीव्हीवर अठराव्या होलचा झेंडा दिसला आणि शेडमधली सगळी तोंडं एकदम बंद झाली.

झेंडा डाव्या कोपऱ्यात होता. पुढ्यात वाळूचा खड्डा, डावीकडे तळं आणि पाठीमागे मोजून सहा पावलं गवत. एवढ्या मोठ्या ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर, होल कुठेही पाडता आलं असतं. ते नेमकं तिथे पाडलं होतं.

“बाबा,” धाकटा म्हणाला, “झेंडा तिथे कुणी लावला?”

मुकादम गवत कापायच्या मोठ्या यंत्राच्या आसनावर बसले होते, टीव्हीकडे पाठ करून. मांडीवर पातं, हातात कानस. स्पर्धेचे चार दिवस ते खेळ बघत नसत, पाती घासत. त्यांनी कानस एकदा पुढे नेली, एकदा मागे आणली.

“मी,” ते म्हणाले.

“ते कळलं. पण तिथे लावायचं ठरवलं कुणी?”

“मीच.”

माईंनी हातातला कप खाली ठेवला. “अहो,” त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की मुकादमांना मान वळवावीच लागली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं, की माई ओरडत असल्या तर घाबरायचं कारण नाही. “अहो, सून कुणाची आहे ती?”

“थांब माई,” मामा म्हणाले. मामा म्हणजे माईंचे भाऊ. कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यामुळे निकालाआधी दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय. “दाजींचं काहीतरी कारण असेल. काय कारण आहे, दाजी?”

मुकादमांनी कारण सांगितलं नाही. कारण होतं, पण ते पहाटेपासून त्यांनाच नीट पटत नव्हतं.

त्या मैदानावर त्यांच्या सुनेला कुणी नावाने हाक मारत नसे. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याचे, म्हणजे मुकादमांच्या थोरल्या मुलाचे मित्र तिला वहिनी म्हणायचे. मग गवत कापणारे म्हणू लागले, मग स्वयंपाकघरातले, मग धोबीखान्यातल्या बायका, आणि शेवटी टीव्हीवरचा समालोचकही. थोरला अकरा वर्षं तिच्या खेळाची बॅग खांद्यावर घेऊन तिच्यासोबत चालला. तीन वर्षांपूर्वी तो आजारी पडला आणि चाळीस दिवसांत गेला. वहिनीने बॅग याच शेडच्या माळ्यावर टाकायला लावली आणि दीड वर्ष तिचं नावही काढलं नाही. मूलबाळ नव्हतं. माहेरचे दोनदा न्यायला आले, दोन्ही वेळा ती त्यांना चहा पाजून म्हणाली, “मी इथेच बरी आहे.” मग एका सकाळी ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, बॅग काढता?” मुकादम शिडीवर चढले. सगळ्या स्टिक एकेक करून पुसल्या आणि बॅग तिच्या हातात दिली.

आज एकोणचाळिसाव्या वर्षी ती चौथ्या दिवशीच्या शेवटच्या होलवर एक फटका कमी घेऊन पुढे होती. हिशोब घरातल्या सगळ्यांना पाठ होता. जिंकली तर पुढची दोन वर्षं मोठ्या स्पर्धांना थेट प्रवेश. नाही जिंकली तर त्यात खेळायचा तिचा जुना परवाना या महिन्याअखेर संपत होता. सहा दिवसांपूर्वी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती माईंना म्हणाली होती, “आई, या वेळी नाही जमलं तर बॅग पुन्हा माळ्यावर. या वेळी कायमची.” मुकादम तेव्हा पलीकडच्या खोलीत होते आणि दार उघडं होतं.

पण त्यांना काही बोलता येत नव्हतं, कारण स्पर्धेचा आठवडा सुरू झाला होता. नियम त्यांच्या वडिलांचा. तेही याच मैदानाचे मुकादम होते. स्पर्धेच्या आठवड्यात होल पाडणाऱ्याने खेळणाऱ्याशी बोलायचं नाही. सुप्रभात नाही, ऊन आहे नाही, काही नाही. वडिलांच्या काळात हे सोपं होतं, घरात कुणी खेळत नव्हतं. आता खेळणारी रोज समोरच्या ताटावर. मुकादमांनी सात दिवस शेडमध्ये जेवण केलं. चुकून दारात गाठ पडली तर ते बाजूला होऊन भिंतीकडे बघायचे. माईंना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. “सून आहे की साथीचा रोग?” त्या विचारायच्या. वहिनी मात्र हसायची आणि भिंतीकडे बघणाऱ्या सासऱ्यांच्या बाजूने गुपचूप निघून जायची.

आणि आज पहाटे साडेपाचला मुख्य पंचबाई अठराव्या ग्रीनवर आल्या. हातातल्या कागदावर तीन खुणा होत्या, मध्ये एक, उजवीकडे एक आणि डाव्या कोपऱ्यात एक. “तिन्ही नियमात बसतात,” त्या म्हणाल्या. “गवत कुठे चांगलं आहे ते तुम्हीच बघा आणि पाडा, मुकादम.”

“माझी सून खेळते,” मुकादम म्हणाले.

पंचबाई हसल्या. “ठाऊक आहे की. तुमच्याबद्दल कोण काय बोलणार?”

याच वाक्याने घात केला. त्या गेल्यावर मुकादम दहा मिनिटं एकटेच उभे राहिले. मधली जागा सगळ्यांत चांगली होती. पण मधे पाडलं आणि ती जिंकली, तर? सासऱ्याने सोपं करून ठेवलं, असं एखाद्याने नुसतं मनात जरी म्हटलं, तर? तिच्या चेंडूचं वळण डावीकडून उजवीकडे, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उजवीकडचा झेंडा तर तिला ताटात वाढून दिल्यासारखा. मग त्यांनी होल कापायचं हत्यार उचललं आणि डाव्या कोपऱ्यात गेले. तिथे पोहोचायचं तर तिला चेंडू तळ्यावरून बाहेर काढून आत वळवावा लागणार होता. थोडा कमी वळला तर पाण्यात.

“म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून,” सगळं ऐकून धाकटा म्हणाला. शेवटी मुकादमांना सांगावंच लागलं होतं. धाकटा विजेची कामं करायचा आणि बापाशी सहसा वाद घालायचा नाही. आज तो उभा राहिला होता. “बाहेरचे लोक बघा जरा. धोबीखाना बंद आहे. स्वयंपाकघरातले चौघं झाडावर चढलेत. सगळे तिच्यासाठी आलेत. कोण काय म्हणणार होतं?”

“कुणीही म्हणालं असतं.”

“कुणीही म्हणजे कोण, त्याचं नाव सांगा.”

“दाजी,” मामांनी घसा साफ केला. “पक्षपात करू नये हे बरोबर. पण आपल्याच माणसाच्या विरुद्ध केलेला पक्षपात हाही पक्षपातच. कोर्टात टिकणार नाही हे.”

“तुम्हीसुद्धा?”

“मी दोन्ही बाजू ऐकल्या. तुमची बाजू कमजोर आहे.”

“यांचं आयुष्यभर हेच,” माई म्हणाल्या. “कामावर ठेवलं तर स्वतःच्या पोराला सगळ्यांत चढाचा पट्टा कापायला. दुसऱ्यांची पोरं सावलीत, आपलं पोर उन्हात. तो हसायचा, म्हणून चाललं.”

थोरल्याचा विषय निघाला होता. मुकादमांनी कानस खाली ठेवली.

“फटका मारतेय,” धाकटा म्हणाला.

मुकादम आसनावरून उतरले आणि नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा टीव्हीकडे तोंड करून उभे राहिले.

पडद्यावर वहिनी चेंडूपाशी उभी होती. शेजारी बॅग घेऊन तिची नणंद, म्हणजे मुकादमांची मधली मुलगी. ती इस्पितळात परिचारिका होती. आठ दिवसांची रजा काढून आली होती आणि गोल्फमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिने वहिनीला स्टिक दिली, काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. बरोबर खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने आपला चेंडू आधीच ग्रीनच्या मध्यावर ठेवला होता. सुरक्षित.

वहिनीने पाय उजवीकडे वळवले.

“उजवीकडे मारतेय,” धाकटा म्हणाला. “झेंडा सोडला तिने.”

“मारू दे,” माई म्हणाल्या. “पाण्यात नको बाई.”

चेंडू उजवीकडे गेला. झेंड्यापासून दूर, वर, ग्रीनच्या मध्याच्याही पलीकडे. आणि मग मुकादमांनी जे कधीच पाहिलं नव्हतं ते झालं. चेंडू डावीकडे वळू लागला. आधी हळूच, मग ठरवल्यासारखा. वाळूचा खड्डा त्याने हवेतच ओलांडला, झेंड्याच्या बाजूने गेला आणि मागच्या सहा पावलांच्या पट्टीत चौथ्या पावलावर थांबला.

बाहेरून आवाज आला. टीव्हीवर तो अर्ध्या सेकंदाने पोहोचला, म्हणून शेडमध्ये तो दोनदा ऐकू आला.

“हा फटका तिचा नाही,” मुकादम म्हणाले.

“मग काय माझा?” माई दाराकडे निघाल्याही होत्या. “चला. बोलू नका हवं तर, पण बघा तरी!”

शेडपासून अठराव्या ग्रीनपर्यंत दोनशे वीस पावलं. गुडघ्याने त्रस्त माईंनी ती धाकट्याच्या आधीच संपवली. ग्रीनभोवती माणसांची भिंत उभी होती. मामांनी “जरा वाट द्या, घरची माणसं आहोत,” असं चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा वाट मिळाली. मुकादम मात्र कुंपणाच्या झुडपापाशीच थांबले. तिथून झेंडा दिसायचा आणि तिला ते दिसायचे नाहीत.

बावीस वर्षांच्या मुलीचा चेंडू झेंड्यापासून बारा पावलांवर होता. तिने खूप वेळ घेतला, मग हलका टोला मारला. चेंडू उतारावरून आला आणि होलमध्ये गेला. टाळ्या पडल्या, पण काळजीने पडल्या. वहिनीची आघाडी आता एका टोल्यावर आली होती. आता वहिनीने एका टोल्यात चेंडू आत घातला तर ती जिंकणार होती. नाही घातला तर जादा होल, आणि ती मुलगी सतरा वर्षांनी लहान. चार पावलं, पण सगळा उतार तळ्याकडचा. जोर जास्त झाला की चेंडू थांबायचं नाव घेणार नव्हता. मुकादमांनी तो उतार स्वतः बनवला होता, नव्या मातीने, सात वर्षांपूर्वी.

“कुठल्या गाढवाने इथे झेंडा लावलाय कोण जाणे,” माईंच्या पुढे उभा असलेला टोपीवाला शेजारच्याला म्हणाला.

माईंनी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. “माझ्या नवऱ्याने लावलाय. काही म्हणणं आहे?”

“नाही, म्हणजे…”

“तुम्हाला बोलायचं काही कारण नाही. बोलायला मी आहे.”

मुकादमांनी झुडपाआडून हे ऐकलं. त्यांना तेवढ्यातही बरं वाटलं.

वहिनी चेंडूपाशी वाकली, उठली, उताराच्या बाजूने एक फेरी मारून आली. नणंदेने झेंडा काढून छातीशी धरला. एवढी माणसं होती, पण तळ्याच्या पंपाचा आवाज ऐकू येत होता. वहिनीने चेंडूला जेमतेम हात लावल्यासारखं केलं. चेंडू निघाला. पहिलं पाऊल त्याने इतक्या हळू टाकलं की मामा पुटपुटले, “कमी पडला.” दुसऱ्या पावलावर त्याला उतार मिळाला. तिसऱ्यावर तो होलच्या उजवीकडून जाणार असं स्पष्ट दिसत होतं. मुकादमांना मात्र ठाऊक होतं की शेवटच्या पावलावर माती किंचित खाली दबलेली आहे. चेंडू वळला, होलच्या कडेवर आला, आणि आत पडला.

झाडावरच्या चौघांपैकी एकजण खाली पडला. त्याला काही लागलं नाही. “वहिनी! वहिनी!” असा गलका झाला. त्यात धोबीखान्यातल्या बायकांचा आवाज सगळ्यांत वरचा होता. ती बावीस वर्षांची मुलगीसुद्धा वहिनीला मिठी मारून रडत होती. बहुधा स्वतःच्या हरण्यासाठी रडत असावी, पण मिठी खरी होती. नणंद झेंडा हातात धरून तिथेच उड्या मारत होती. झेंडा परत लावायचा असतो, हे तिला कुणीतरी सांगावं लागलं.

धाकट्याने मामांना उचललं. मामांचा चष्मा पडला. “हरकत आहे!” मामा वरून ओरडत होते. “मला हरकत आहे!”

गर्दीतून वाट काढत वहिनी झुडपापाशी आली. म्हणजे तिला मुकादम दिसत होते. कदाचित पहिल्यापासून दिसत असावेत.

“बाबा,” ती म्हणाली.

मुकादमांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पंचांच्या टेबलाकडे हात दाखवला. सही झाली नव्हती. गुणपत्रिकेवर खेळाडूची सही होईपर्यंत स्पर्धा संपत नाही.

वहिनी कमरेवर हात ठेवून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती पळत टेबलापाशी गेली, अठरा आकडे एकेक करून तपासले, सही केली आणि पळत परत आली.

“झाली सही. आता बोला.”

आठवड्याचं साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं आणि मुकादमांना त्यातलं एकही सापडेना. शेवटी ते म्हणाले, “तो फटका कुठून आणलास?”

“कुठला?”

“उलटा. डावीकडे वळणारा. तुझा चेंडू तिकडे वळत नाही.”

“वळत नव्हता. महिनाभर शिकले. तिकडे जुन्या सरावाच्या मैदानावर, एक बादली डाव्या कोपऱ्यात ठेवून. दोन हजार चेंडू मारले असतील. ताईंना विचारा, बादली त्यांनीच आणलीय इस्पितळातून.”

“फुटकी होती,” नणंद म्हणाली. “रीतसर मागून आणलीय.”

“महिनाभर?” मुकादम म्हणाले. “होल तर मी आज पहाटे ठरवलं.”

“तुम्ही आज ठरवलंत. मला महिनाभर ठाऊक होतं.” वहिनी हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. “स्पर्धा आपल्या मैदानावर आहे असं कळलं, त्याच दिवशी ओळखलं. तुमच्या हातात असेल तर शेवटचा झेंडा मला सगळ्यांत अवघड असेल. लग्नाआधीच सांगितलं होतं मला ह्यांनी. म्हणाले होते, आमच्या बाबांचं माणूस झालीस की उन्हातला पट्टा तुझा.”

मुकादमांनी खिशातून रुमाल काढला. त्यावर पात्याचं ग्रीस होतं, म्हणून तो परत ठेवला.

“पोरी, चुकलो मी,” ते म्हणाले. “मधेच पाडायला हवं होतं.”

“मधे पाडलं असतंत तर मी हरले असते. तिचा चेंडू मधेच होता ना.”

माई शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी मुकादमांकडे असं पाहिलं, की आज तुम्ही सुटलात, पण पूर्ण नाही.

मग मुकादमांच्या कपाळावर आठी आली. “पण मग हे पंचांना सांगायला हवं,” ते म्हणाले. “तुला जागा आधी कळलेली होती.”

“अहो!” माई किंचाळल्या.

“दाजी, मी हात जोडतो,” मामा म्हणाले.

पण मुकादम निघालेही होते. पंचबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. बादलीपर्यंत ऐकलं. “म्हणजे तुम्ही तिला काही सांगितलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

“सात दिवसांत एक शब्द नाही.”

“खूण केलीत?”

“भिंतीकडे बघायचो.”

“मग तिला काय कळलं होतं?”

मुकादमांनी विचार केला. “माझा स्वभाव,” ते म्हणाले.

“तो आमच्या कागदावर नव्हता,” पंचबाई म्हणाल्या आणि कप द्यायला निघून गेल्या.

कप दिला गेला, फोटो झाले. वहिनीने भाषणात सगळ्यांचे आभार मानले, गवत कापणाऱ्यांचे सगळ्यांत आधी. पाच वाजले तरी माणसं हलली नव्हती. अठराव्या ग्रीनवर रांग लागली होती. आधी झाडावरच्या चौघांनी, मग धोबीखान्यातल्या बायकांनी, मग त्या टोपीवाल्याने. सगळे बूट काढून, मोज्यांवर, वहिनीच्याच जागेवरून तोच टोला मारून बघत होते. वहिनी ज्याला त्याला स्वतःची स्टिक देत होती. चेंडू एकामागून एक उतारावरून घसरत तळ्याकडे जात होते आणि धाकटा ते काठावर अडवत होता.

मुकादम आले आणि रांग थबकली. त्यांच्या ग्रीनवर एकाने बुटाची टाच टेकवली तरी ते शेडपासून ओरडत यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं.

“बूट काढलेत ना सगळ्यांनी?” त्यांनी विचारलं.

“काढलेत,” सगळे म्हणाले.

“मग ठीक आहे.”

वहिनीने स्टिक त्यांच्यापुढे धरली. “तुम्ही मारा, बाबा.”

“मी? मी कधी मारलेला नाही.”

“इतक्या वर्षांत?” टोपीवाल्याने विचारलं.

“माझं काम गवताचं.” पण त्यांनी बूट काढले. डाव्या मोज्याचा अंगठा फाटलेला होता, माईंनी कपाळावर हात मारला. मुकादमांनी स्टिक खोऱ्यासारखी धरली. वहिनीने मागून येऊन त्यांची बोटं एकेक करून नीट बसवली. त्यांनी उताराकडे पाहिलं, होलकडे पाहिलं, पुन्हा उताराकडे पाहिलं आणि अगदी हळू टोला मारला. चेंडू होलच्या बाजूने गेला, पुढे गेला, आणखी पुढे गेला, धाकट्याच्या दोन पायांमधून गेला आणि तळ्यात पडला.

मुकादम बराच वेळ पाण्यातल्या वर्तुळांकडे बघत राहिले.

“इथे होल पाडायची काय गरज होती?” ते म्हणाले.

माई आधी हसल्या. मग वहिनी, मग नणंद, मग मोज्यांवर उभी असलेली ती अख्खी रांग. मामा तर गवतावर बसलेच. मुकादम हसले नाहीत. त्यांनी स्टिक पुन्हा नीट धरली, बोटं एकेक करून, आणि हात पुढे केला.

“दुसरा चेंडू आण गं,” ते सुनेला म्हणाले.